पिसलेले पत्ते, सुट्या साखळ्या: एमसीएमसीचे आकडे कोडात ठेवावेत, पोस्टेरिअरमध्ये की आर्विझमध्ये?

जुलैतल्या एका रात्री साडेअकराला मावसबहिणीचा मेसेज आला. "दादा, मुंबईत दोन प्रकारचे पावसाळे असतात. पुरावा पाठवलाय." पुरावा म्हणजे दोन वशिंडांचा एक आलेख. खाली दुसरं चित्र, ट्रेस प्लॉटचं (संगणकाने काढलेले नमुने क्रमाने जोडणारी रेघ), आणि त्यावर तिची टिप्पणी: "बघ कसला गुबगुबीत सुरवंट आहे. एकदम कन्व्हर्ज."

सुरवंट खरंच गुबगुबीत होता. नमुने स्थिरावले, म्हणजे कन्व्हर्ज झाले, की ट्रेस असाच दिसतो. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

तिचा एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प सांताक्रूझ वेधशाळेच्या रोजच्या पावसावर आहे, जून ते सप्टेंबर, वर्षाला १२२ दिवस. मॉडेल साधं आहे. हवेच्या दोन अवस्था धरायच्या, एक झड आणि एक उघडीप. अवस्था दिसत नाही, फक्त पडलेला पाऊस दिसतो, आणि आज कुठली अवस्था आहे हे कालच्या अवस्थेवर अवलंबून. म्हणजे मॉडेलच्या पोटात एक मार्कोव्ह साखळी, आणि त्या मॉडेलचे पॅरामीटर काढण्यासाठी संगणक चालवतो ती दुसरी. हीच एमसीएमसी: पॅरामीटरच्या शक्य किमतींमधून फिरत प्रत्येक पावलाला एक नमुना टिपणारी साखळी. ही दुसरी तिने जॅग्ज या प्रोग्रॅममध्ये चालवली होती: चार साखळ्या, प्रत्येकी ५००० नमुने. दोन वशिंडं आली होती ती 'पहिल्या अवस्थेतला सरासरी पाऊस' या पॅरामीटरला.

तिने आलेख काढला होता आर या भाषेतून जॅग्ज चालवणाऱ्या आर-टू-जॅग्ज पॅकेजच्या उत्तरातल्या सिम्स.मॅट्रिक्स नावाच्या तक्त्यावरून. हे पॅकेज आर-टू-विनबग्जच्या वळणावर गेलेलं आहे आणि त्या घराण्याची एक जुनी सवय आहे: सिम्स.मॅट्रिक्स आणि सिम्स.लिस्टमधले नमुने पत्त्यांसारखे पिसून ठेवलेले असतात. चारही साखळ्या एकत्र, क्रम मोडून. फक्त सिम्स.ॲरे पिसलेला नसतो. पिसण्यामागे वाईट हेतू नाही. पहिले २०० नमुने उचलले तरी ते सगळीकडचे मिळावेत, पुढच्या आकडेमोडीला सोय व्हावी, एवढाच उद्देश. पण पिसलेल्या गड्डीचा ट्रेस प्लॉट काढला की तो सुरवंटच दिसणार. आधी साखळ्या कितीही अडकलेल्या असोत, पिसल्यावर प्रत्येक नमुना शेजारच्याला अनोळखी होतो.

सिम्स.ॲरेवरून तोच ट्रेस काढायला सांगितला. पहिली आणि तिसरी साखळी वर, दुसरी आणि चौथी खाली, ५००० पावलांत एकदाही एकमेकींची रेष न ओलांडलेली. दोन साखळ्यांनी झडीला 'पहिली अवस्था' म्हटलं होतं, दोघींनी उघडिपीला. मॉडेलला नावांशी देणंघेणं नसतं, ती अदलाबदल त्याला चालते. दोन पावसाळे वगैरे काही नव्हतं.

हा किस्सा आधी सांगितला, कारण 'आलेखासाठी कुठलं पॅकेज घेऊ' असं विचारणारे सहसा रंग, फॉण्ट, जीजीप्लॉट की बेस याबद्दल विचारत असतात. माझ्या मते निवड त्याच्या एक पायरी आधी होते. नमुने कुठल्या डब्यात ठेवलेत, आणि त्या डब्यावर साखळीचा नंबर आणि पावलाचा नंबर शिल्लक आहे का? हा शिक्का पुसला गेला की पुढचं सगळं चित्रकाम. असे मुख्य डबे तीन: आरमधले कोडा आणि पोस्टेरिअर, आणि पायथनमधलं आर्विझ.

कोडा: जुनं, खडबडीत, पण शिक्का न पुसणारं

असे नमुने काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा बग्ज हा प्रकल्प १९८९ साली केंब्रिजच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या जैवसांख्यिकी विभागात सुरू झाला. त्याचं उत्तर दोन तऱ्हेच्या साध्या मजकूर-फायलींत पडायचं. साखळीच्या फायलीत दोन रकाने, पावलाचा नंबर आणि किंमत, सगळे पॅरामीटर एकाखाली एक. सूचीच्या फायलीत कुठला पॅरामीटर कुठल्या ओळीपासून कुठल्या ओळीपर्यंत. या फायली वाचायला आणि तपासायला कोडा आलं. आरसाठीच्या कोडावरचा लेख प्लमर, बेस्ट, काउल्स आणि व्हाइन्स यांनी २००६ साली आर न्यूजमध्ये लिहिला. यातले मार्टिन प्लमर हेच जॅग्जचेही कर्ते. त्यामुळे आरजॅग्जमधून कोडा.सॅम्पल्स म्हणून मागितलं की उत्तर थेट एमसीएमसी.लिस्ट याच रूपात मिळतं, कसलंही रूपांतर न करता. आर-टू-जॅग्जच्या उत्तरावर अ‍ॅज.एमसीएमसी चालवलं तरी तेच. बहिणीने एवढं केलं असतं तर मला तो मेसेज आला नसता.

एमसीएमसी.लिस्ट म्हणजे साखळ्यांची यादी, प्रत्येक साखळी एक तक्ता: ओळीत पावलं, रकान्यात पॅरामीटर. सोबत एक छोटी चिठ्ठी, एमसीपार नावाची. सुरुवात कुठून, शेवट कुठे, किती पावलांनी एक नमुना ठेवला. ही चिठ्ठी मला फार आवडते. बर्न-इन, म्हणजे साखळी स्थिरावण्याआधीची सुरुवातीची पावलं, कापायचा तर विंडो म्हणून सुरुवातीचा नंबर द्यायचा, आणि आलेखाच्या आडव्या अक्षावर खरे पावलांचे नंबर येतात, १ पासून नाही. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी कळतं की पहिली १००० पावलं टाकून दिली होती.

रूपांतराचा खड्डा इथेही आहेच. एमसीएमसी.लिस्टवर अ‍ॅज.मॅट्रिक्स चालवलं की चारही साखळ्या एकाखाली एक जोडून २०००० ओळींचा तक्ता येतो आणि साखळीचा नंबर गळतो. त्याच तक्त्याला पुन्हा अ‍ॅज.एमसीएमसी केलं तर कोडाच्या दृष्टीने ती एकच लांबलचक साखळी. मग गेलमन-रुबिन (साखळ्या एकमेकींशी जुळतात का ते सांगणारा आकडा) मागितलं की निदान दोन साखळ्या हव्यात म्हणून ते हात वर करतं. उपाय त्याच फंक्शनमध्ये बसवलेला आहे, फारसा कुणी वाचत नाही एवढंच: चेन्स आणि आयटर्स हे दोन पर्याय ट्रू केले की दोन जादा रकाने येतात, साखळीचा आणि पावलाचा. सीएसव्ही करून कुणाला पाठवायची असेल तर हे केल्याशिवाय पाठवू नये.

कोडाचा आलेख म्हणजे प्लॉट म्हणा आणि घ्या: डावीकडे ट्रेस, उजवीकडे घनतेचा वक्र, प्रत्येक पॅरामीटरला एक ओळ. आरस्टुडिओच्या कोपऱ्यातली चौकट लहान असेल तर 'फिगर मार्जिन्स टू लार्ज' अशी चूक येते आणि नवखा माणूस मॉडेलमध्ये दोष शोधत बसतो. चौकट ओढून मोठी करा, नाहीतर पीडीएफमध्ये काढा. दिसायला हे आलेख नव्वदच्या दशकातल्या झेरॉक्स नोट्ससारखे. पण नवी साखळी चालवली की पहिली नजर टाकायला मी आजही हेच वापरतो, कारण दोन शब्द टाइप करून चित्र समोर येतं.

कोडाच्या आकड्यांबद्दल मात्र दोन गोष्टी माहीत हव्यात. एक, गेलमन-रुबिनचा आकडा काढणारं गेलमन.डायग हे फंक्शन, तुम्ही काही सांगितलं नाही तर, मालिकेचा फक्त दुसरा अर्धा भाग वापरतं. ऑटोबर्निन हा पर्याय मुळातच चालू असतो. मालिकेची सुरुवात आधीच पुरेशी पुढे सरकवलेली असेल तर ते काही कापत नाही, नाहीतर कापतं. तुम्ही बर्न-इन कापल्यावर तक्त्याला १ पासून नंबर दिले असतील तर पुन्हा निम्मे नमुने जातात. दोन, ते सगळ्या पॅरामीटरांचा मिळून एक आकडाही काढायला जातं, आणि एखादा पॅरामीटर बाकीच्यांवरून थेट ठरत असेल (संभाव्यता आणि १ मधून तिची वजाबाकी, दोन्ही नोंदवल्या तर) तिथे 'पॉझिटिव्ह डेफिनेट नाही' म्हणत कोसळतं. मल्टिव्हेरिएट फॉल्स केलं की गाडी पुढे जाते. यात साखळीचा दोष नसतो.

पोस्टेरिअर आणि बेजप्लॉट: आजचं घर

स्टॅन या जॅग्जसारख्याच सॉफ्टवेअरची पहिली आवृत्ती २०१२ ची. तिच्याभोवती जमलेल्या मंडळींनी नमुने ठेवण्याचं काम आणि चित्र काढण्याचं काम वेगळं केलं: डबा म्हणजे पोस्टेरिअर, चित्रकार म्हणजे बेजप्लॉट. ही वाटणी मला पटते. डबा एकदा नीट भरला की चित्रकार बदलता येतो.

पोस्टेरिअरमध्ये नमुन्यांची अनेक रूपं आहेत, ॲरे, मॅट्रिक्स, डेटा फ्रेम, यादी, आणि एकातून दुसऱ्यात जायला एकेक शब्द पुरतो. डेटा फ्रेमच्या रूपात प्रत्येक ओळीला साखळी, पाऊल आणि एकूण नमुना असे तीन नंबर चिकटलेले असतात. तुम्ही रकाने निवडताना साखळीचा रकाना चुकून वगळला, तर आवश्यक माहिती काढून टाकल्यामुळे आता हा ड्रॉजचा (नमुन्यांचा) डबा राहिला नाही, अशी सूचना ते देतं. कोडातलं अ‍ॅज.मॅट्रिक्स निमूटपणे शिक्का पुसतं, हे निदान ओरडतं. निवडीसाठी एवढा एकच फरक मला पुरेसा वाटतो.

स्टॅनवाल्यांच्याही घरात पिसण्याची सवय आहेच, बरं का. आरमधून स्टॅन चालवणाऱ्या आरस्टॅनच्या एक्स्ट्रॅक्ट फंक्शनमध्ये पर्म्यूटेड हा पर्याय मुळातच ट्रू असतो. तिथून काढलेल्या नमुन्यांचा ट्रेस काढणं म्हणजे बहिणीचाच सुरवंट पुन्हा. अ‍ॅज.ॲरे वापरा. सीएमडीस्टॅनआर वापरत असाल तर ड्रॉज मागितल्यावर थेट पोस्टेरिअरचा ॲरे हातात येतो, साखळ्या सुट्या आणि क्रमाने.

जॅग्जवाल्यांनी एमसीएमसी.लिस्ट सरळ अ‍ॅज_ड्रॉज_ॲरेला द्यावी. मधे स्वतः ॲरे बनवण्याचा हौशी उद्योग करू नये, कारण मिती कुठल्या क्रमाने येतात यावर प्रत्येक घराची आपली रीत आहे:

| कुणाचा ॲरे | पहिली मिती | दुसरी | तिसरी |
|---|---|---|---|
| कोडा | पाऊल | पॅरामीटर | साखळी |
| आरस्टॅन, पोस्टेरिअर, बेजप्लॉट | पाऊल | साखळी | पॅरामीटर |
| आर्विझ | साखळी | पाऊल | पॅरामीटरचा स्वतःचा आकार |

कोडातून निघालेला ५००० गुणिले ६ गुणिले ४ चा ॲरे बेजप्लॉटच्या रीतीने वाचला तर सहा साखळ्या आणि चार पॅरामीटर असा अर्थ लागतो. पाऊस, संभाव्यता, सगळं एकाच ट्रेसमध्ये वेगवेगळ्या उंचीवर, आणि आर-हॅट (तोच गेलमन-रुबिनचा आकडा) आकाशाला भिडलेला. अशा वेळी माणूस मॉडेल दुरुस्त करायला बसतो, आणि मॉडेल ठणठणीत असतं. स्वतः ॲरे बनवलाच असेल तर अपर्म लावून दुसरी आणि तिसरी मिती अदलाबदल करा, आणि आधी डिम छापून बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

एक गोष्ट मात्र या घरात हरवते: कोडाची ती चिठ्ठी. पोस्टेरिअर पावलं १ पासून मोजतं. बर्न-इन किती कापला, किती पावलांनी एक नमुना घेतला, ते तुम्हीच कुठेतरी लिहून ठेवायचं. मी फाइलच्या नावात लिहितो. कुरूप दिसतं, पण उपयोगी पडतं.

आर-हॅटची गोष्ट इथे जरा सविस्तर सांगायला हवी, कारण कोडा आणि पोस्टेरिअर एकाच साखळीला वेगवेगळा आकडा देतात आणि लोक गोंधळतात. गेलमन आणि रुबिन यांची मूळ कल्पना १९९२ ची: साखळ्यांमधला फरक आणि साखळीच्या आतला फरक ताडून बघायचा. दोन्ही सारखे असतील तर आकडा १ च्या जवळ. बरीच वर्षं १.१ च्या खाली आला की लोक खूश असत. पण समजा चारही साखळ्या एकत्रच हळूहळू वर सरकतायत, हातात हात घालून. साखळ्यांमध्ये फरक नाही, जुना आकडा जवळपास १. म्हणून प्रत्येक साखळी मधोमध कापून दोन धरायची. समजा चारही साखळ्यांची सरासरी सारखी, पण एकीचा पसारा फारच मोठा. तेही जुन्या आकड्याला दिसत नाही. व्हेटारी, गेलमन, सिम्पसन, कार्पेंटर आणि ब्युर्कनर यांच्या २०२१ च्या लेखात या दोन्हींवर इलाज आहे: किमतींऐवजी त्यांचे क्रमांक घ्यायचे, साखळी कापायची, आणि मध्यकापासूनच्या अंतरावर तोच हिशोब पुन्हा करायचा. त्यांनी सुचवलेली मर्यादा १.०१. पोस्टेरिअर हाच आकडा देतं. दोघांत वाद झाला तर मी पोस्टेरिअरचं ऐकतो.

त्याच लेखातून आलेली दुसरी कामाची गोष्ट म्हणजे प्रभावी नमुनासंख्या (एकमेकांवर अवलंबून असलेले नमुने किती सुट्या नमुन्यांच्या तोडीचे) दोन ठिकाणी मोजणं, मधल्या भागात आणि शेपटीत. पावसाच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. ज्या मालिकेत असा एक दिवस बसलेला आहे तिथे प्रश्न सरासरीचा नसतो, शेपटीचा असतो. मधल्या भागाची नमुनासंख्या हजारोंनी असून शेपटीची शे-दोनशेच असेल, तर 'शंभरात एकदा होणारा पाऊस' असलं वाक्य लिहिण्याआधी साखळी आणखी चालवा. कोडाच्या इफेक्टिव्हसाइझमध्ये हा भेद नाही. समराइझ_ड्रॉजच्या तक्त्यात दोन्ही रकाने न मागता येतात. आकडे चारशेच्या खाली असले की मी पुढे जात नाही.

बेजप्लॉटची चित्रं देखणी आहेत यात वाद नाही. पण मुळातली रंगसंगती निळी, आणि ट्रेसमध्ये चार साखळ्यांना एकाच निळ्याच्या चार छटा. बहिणीच्या अडकलेल्या साखळ्या त्यात वेगळ्या दिसतातही, पण एखादीच थोडी रेंगाळत असेल तर नजर फसते. रंगसंगती बदलून व्हिरिडिस किंवा निळा-लाल मिश्र करा. त्याहून चांगलं म्हणजे ट्रेसच्या जोडीला रँक हिस्टोग्राम काढा: सगळ्या साखळ्यांचे नमुने एकत्र करून क्रमांक लावायचे आणि प्रत्येक साखळीच्या वाट्याला कुठले क्रमांक आले ते स्तंभांत दाखवायचं. साखळ्या एकाच ठिकाणी फिरत असतील तर प्रत्येकीचे स्तंभ सपाट. अडकलेल्या असतील तर एकीचे सगळे स्तंभ डावीकडे, दुसरीचे उजवीकडे. ट्रेसमध्ये ५००० रेघोट्यांच्या गर्दीत जे शोधावं लागतं ते इथे लांबूनही कळतं.

आर्विझ: पायथन असेल तर विचारही करू नका

पायएमसी (पायथनमधलं नमुने काढणारं पॅकेज) वापरणाऱ्यांना हा परिच्छेद नकोच आहे, त्यांना उत्तर आर्विझच्या रूपातच मिळतं. प्रश्न येतो तो आरमधून तिकडे जाणाऱ्यांचा. जोडीदार पायथनवाला असेल, किंवा ऑफिसात सगळंच पायथनमध्ये असेल.

आर्विझचा डबा म्हणजे कप्प्यांची तिजोरी आहे. एका कप्प्यात पोस्टेरिअरचे (इथे पॅकेज नव्हे, आकडे बघितल्यानंतरचा पॅरामीटरचा अंदाज) नमुने, दुसऱ्यात सॅम्पलरची माहिती, तिसऱ्यात मूळ निरीक्षणं, चौथ्यात मॉडेलने भाकीत केलेले आकडे. सगळं मिळून एका नेटसीडीएफ फायलीत जातं. हवामानाच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांना हे रूप घरचंच. शिवाय मितींना नावं देता येतात, म्हणजे 'बीटा कंसात ३' ऐवजी 'बीटा, ऑगस्ट' असं लिहून निवडता येतं. आलेखावरही 'ऑगस्ट' उमटतं. दोन महिन्यांनी वाचणाऱ्याला याची किंमत कळते.

आरमधून न्यायचं तर साखळीगणिक सीएसव्ही किंवा साखळी-नंबराच्या रकान्यासह एक सीएसव्ही काढा, आणि पायथनमध्ये साखळी पहिली, पाऊल दुसरं असा ॲरे बांधा. उलटं दिलंत तर ५००० साखळ्या आणि प्रत्येकीत ४ नमुने असं समजून ते तक्रार करतं की नमुन्यांपेक्षा साखळ्याच जास्त आहेत. भला माणूस आहे. पण सहा पॅरामीटर एकाच सपाट तक्त्यात कोंबलेत तर मात्र त्यांची नावं आणि आकार तुम्हालाच पुन्हा बांधावे लागतात. हेच काम कंटाळवाणं. नुसत्या सुंदर आलेखासाठी जॅग्जचं उत्तर पायथनमध्ये नेणं म्हणजे चर्चगेटहून मरीन लाइन्सला जायला टॅक्सी करणं.

बाकीचे, पटापट

जीजीएमसीएमसी नमुने लांब रूपात उलगडतं: पाऊल, साखळी, पॅरामीटर, किंमत, प्रत्येक नमुन्याला एक ओळ. जीजीप्लॉटवर हात बसलेल्यांना सुखाचं, आणि शिक्का कधी पुसला जात नाही. पण ४ साखळ्या, ५००० पावलं आणि २०० पॅरामीटर म्हटले की ४० लाख ओळी. नुसत्या किमतींना ३२ एमबी पुरतात, पण लांब रूपात प्रत्येक किमतीसोबत आणखी तीन रकाने येतात आणि वर आलेख काढताना प्रती होतात. दहा-वीस पॅरामीटरांपर्यंत उत्तम. पुढे आधी फॅमिली पर्यायाने हवे तेवढेच घ्या.

एमसीएमसीव्हिज जॅग्ज, स्टॅन, निंबल कुणाचंही उत्तर न कुरकुरता खातं, आणि त्याच्या ट्रेसशेजारच्या घनतेच्या वक्रावर प्रायर (आकडे बघण्याआधीचं गृहीतक) चढवून दाखवता येतो, प्रायर आणि पोस्टेरिअर किती टक्के एकमेकांवर बसतात त्या आकड्यासह. प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत 'हे उत्तर तुमच्या गृहीतकातून आलं की आकड्यांतून' असं कुणी विचारलं तर हे एक चित्र हातात असावं. दोन सवयी लक्षात ठेवा: ट्रेस मुळात पीडीएफमध्ये जातो, स्क्रीनवर नाही, आणि शेवटची ५००० पावलंच दाखवतो. लांब साखळीच्या सुरुवातीचा गोंधळ त्यात दिसणार नाही.

टायडीबेज चौकोनी कंसातल्या नंबरांचे वेगळे रकाने करून देतं. महिन्यागणिक, केंद्रागणिक पॅरामीटर असतील तेव्हाच घ्या.

लोकसंख्याशास्त्राकडून आलेल्यांचा हात स्टाटावर बसलेला असतो, त्यांच्यासाठी एकच सावधगिरी. स्टाटाच्या बेजएमएच कमांडने साठवलेल्या फायलीत लागोपाठ आलेले सारखे नमुने एकाच ओळीत गुंडाळलेले असतात आणि किती वेळा आले ते फ्रीक्वेन्सीच्या रकान्यात असतं. मेट्रोपोलिस पद्धतीची साखळी (पुढचं पाऊल सुचवून ते स्वीकारणारी किंवा नाकारणारी) नकार मिळाल्यावर जागच्या जागी थांबते, तिथे ही गुंडाळी खूप होते. फाइल आरमध्ये आणून तो रकाना बाजूला ठेवलात तर सरासरी चुकणार आणि ट्रेस उगाच चपळ दिसणार. आधी ओळी तितक्या वेळा उलगडा, मग कोडा काय नि पोस्टेरिअर काय. स्टाटातच राहायचं असेल तर बेजग्राफ डायग्नॉस्टिक्स ट्रेस, हिस्टोग्राम, स्वसहसंबंध आणि घनता चार चौकटींत एकदम देतं, आणि ते वाईट नाही.

एकच साखळी, चार पट्ट्या

चित्रकार बदलला की पट्ट्याची (पॅरामीटरची किंमत ज्या दोन आकड्यांमध्ये असावी त्या अंतराची) रुंदीही गुपचूप बदलते, आणि याने मार्गदर्शकांशी वाद होतात. कोडाचा सारांश २.५ ते ९७.५ टक्के देतो, म्हणजे ९५. पोस्टेरिअरचा तक्ता ५ ते ९५, म्हणजे ९०. बेजप्लॉटच्या इंटरव्हल्समध्ये जाड पट्टी ५० आणि बारीक ९०. एमसीएमसीव्हिजमध्ये ५० आणि ९५. आर्विझने बरीच वर्षं ९४ ठेवलं, शिवाय तो सर्वाधिक घनतेचा पट्टा, शतमानांचा नाही. तक्ता एकाचा आणि चित्र दुसऱ्याचं असा प्रबंध मी वाचलाय. तक्त्यात पट्टा शून्य ओलांडतो आणि चित्रात ओलांडत नाही, आणि दोन्ही बरोबर. टक्केवारी स्वतः लिहून द्या, मुळातल्यावर सोडू नका.

घ्यायचं काय

जॅग्ज किंवा एमसीएमसीपॅक (तयार मॉडेलांचं आर पॅकेज), मोजके पॅरामीटर, महिन्याभरात संपणारं काम असेल तर कोडात राहा, उगाच स्थलांतर नको. एमसीएमसीपॅक एका वेळी एकच साखळी देतं, तेव्हा वेगवेगळे सीड देऊन तीन-चारदा चालवा आणि एमसीएमसी.लिस्टमध्ये बांधा. स्टॅन असेल, किंवा जॅग्जचंच काम वर्षभर चालणार असेल, तर डबा पोस्टेरिअरचा आणि चित्रकार बेजप्लॉट. मी स्वतः असाच आहे: पहिली नजर कोडातून, मग लगेच अ‍ॅज_ड्रॉज, आणि मूळ एमसीएमसी.लिस्ट आरडीएस फाइल करून जपलेली. पायथन कुठेही मधे येणार असेल तर पहिल्या दिवसापासून आर्विझ, मधे उडी मारू नका. आणि मार्गदर्शकांना एखादं विशिष्ट चित्र हवं असेल तर तेच द्या, त्यावर लढाई करण्यात अर्थ नाही.

बहिणीने मॉडेलमध्ये दोन्ही सरासरी सॉर्ट लावून चढत्या क्रमाने बांधल्या, म्हणजे पहिली अवस्था नेहमी उघडीपच. चारही साखळ्या एका पट्ट्यात आल्या, वशिंड एकच उरलं. तिच्या मॅडमना परिशिष्टात ट्रेस हवेच होते. तिने बेजप्लॉटचे निळे ट्रेस घेतले, मी सांगूनही रंग बदलले नाहीत, आणि सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तीन प्रती काढल्या, काळ्या-पांढऱ्या. चार छटांचा मिळून एकच राखाडी चिखल. फोन आला तेव्हा झेरॉक्सवाला शटर अर्धं ओढून उभा होता. रँक हिस्टोग्राम काढ म्हटलं, त्यात साखळीगणिक वेगळी चौकट असते, रंग लागत नाही. लॅपटॉप काउंटरवर ठेवून तिने एक ओळ बदलली, पेन ड्राइव्ह दिला, आणि तीन पानं पुन्हा छापली.